प्रस्थानाची गाठोडी

खोली पाहायला गेले तेव्हा दिगूमहाराजांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ओसरीवरून उठले, अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बाई, तिकडे तोंड करून उभ्या राहा. आ करा पाहू."

मी अकोल्याहून येऊन नुकतीच अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत लागले होते. अंगात नवा मास्तरीणपणा, आणि तोंड माझं मुळातलंच फटकळ. "मी काय बाजारातला बैल आहे, दात पाहून घ्यायला?" असं फाडकन बोलून गेले. आतून त्यांच्या बायकोचा, यमुनाकाकूंचा, आवाज आला, "अहो, पोरीले आधी गूळपानी तं घेऊ द्या! आल्या आल्या काहून भेव दाखवता?" महाराज हसले. ते हसले तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

डाव्या बाजूचा खालचा जबडा त्यांना नव्हताच. गाल आत गेलेला, कातडी मानेपर्यंत ओढून शिवलेली, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. तांब्या पडून त्याला पोचा येतो ना, तसा चेहरा. खांद्यावर कायम एक दुपट्टा असे, त्यानं ते घडीघडी तोंडाचा कोपरा टिपत. बोलणं जड, सावकाश, पण कळायचं. खोली मी घेतली. शाळा जवळ होती हे एक कारण, आणि यमुनाकाकूंना पाहून घर सोडवेना हे दुसरं.

महाराज म्हणजे आमच्याकडे भटजी. अंबागेटच्या आतल्या त्या आळीत त्यांच्या वडिलांपासून भिक्षुकी होती. लग्नं, मुंजी, वास्तू, सत्यनारायण, सगळी यजमानकी पिढीजात. आवाज असा होता म्हणे की मंगलाष्टकं सुरू झाली की मांडवाबाहेरचे बँडवाले वाजवायचं विसरत. मी तो आवाज ऐकला नाही. मी गेले तेव्हा त्यांना कुणी मंगलकार्याला बोलवत नसे. चेहरा तसा, उच्चार तसे. नवरा-नवरीसमोर अंतरपाट धरून असा माणूस कोण उभा करील? श्राद्धापक्षाला मात्र बोलावणी येत. महाराज म्हणत, "मेलेल्यायले माहं तोंड चालते, बाई. भेव फक्त जित्यायले वाटते."

हे कसं झालं, ते तेच सांगत. कुणी विचारो न विचारो. पान-तंबाखूची सवय लहानपणापासून. दाढेमागे एक चट्टा आला, त्याला वर्ष होत आलं. कुणी चुना लाव म्हणे, कुणी तुरटी. मध्येच त्यांच्या मेव्हण्याच्या, म्हणजे यमुनाकाकूंच्या भावाच्या, मुलाची मुंज निघाली, आणि मेव्हणा मुंबईला एका कचेरीत नोकरीला. मुंजीच्या पंगतीत महाराजांनी लाडवाचा घास घेतला आणि उरलेल्या लाडवाला रक्त लागलं. समोर मेव्हणा वाढत होता. त्यानं पाहिलं, ताट तसंच ठेवायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला धरून मोठ्या दवाखान्याच्या रांगेत नेऊन उभं केलं. जबडा गेला, माणूस राहिला.

"मुंज अमरावतीले असती, तं मी मेलो असतो," महाराज म्हणायचे. कुणी म्हणे, महाराज, तुमची पुण्याई. ते हात झटकत. "पुण्याई कायची? मी काई पुण्यवान नाई. माहा साळा मुंबईले होता, बस."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा असे की आळीतली पोरं त्याची नक्कल करत. पण त्या वाक्याच्या मागे एक माणूस होता. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर तिवस्याकडचा एक बागाईतदार होता. वय तेच, दुखणं तेच, बाजूसुद्धा तीच. वर्षभर त्यानं घरी लेप लावले, मग अमरावतीला दाढ काढली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मुंबई गाठली. "माह्यापेक्षा तगडा होता हो थो," महाराज सांगत. "मले खाटेवरून उठवून बसवत होता. मी घरी आलो, त्याचं धोतर आलं." मग दुपट्ट्यानं तोंड टिपत.

त्या तिवसेकरानं त्यांना झपाटलं होतं, असं मी म्हणते. घरी आल्यापासून महाराजांनी लोकांची तोंडं पाहायला सुरुवात केली. संध्येची तांब्याची पळी असते, तिच्या दांड्यानं जीभ दाबायची, गाल बाजूला सारायचा आणि उन्हात आत डोकावायचं. यमुनाकाकू कपाळाला हात लावत. "देवाची पळी अन् दुनियेच्या थुंकीत!" मग स्वतःच ती राखेनं घासून उकळत्या पाण्यात टाकत. बाजारात, देवळापुढे, पंगतीनंतर पान खात बसलेल्या लोकांत, महाराज कुठेही म्हणत, "आ करा." लोक उपरण्यात तोंड लपवून पळत. मीही पळाले. सुपारीची सवय मला होती, पोत्यानं खायचे. पण शाळेत जाता-येता ते दिसले की मी ओठ घट्ट मिटून घेत असे. "बाई, एकदा दाखवा," ते म्हणत. "माझं तोंड वर्गातल्या पोरींनाच पुरत नाही महाराज, तुम्हाला कुठून देऊ?" मी म्हणे. ते हसत आणि सोडून देत.

त्यांना सगळं कळत होतं असं मात्र समजू नका. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी असं घाबरवलं की तो हातातला सौदा टाकून मुंबईला पळाला. तिथं निघालं काय, तर तुटक्या दाताचं टोक जिभेला घासत होतं. डॉक्टरनं दात घासून दिला आणि परत पाठवलं. तो गडी परतला तो थेट आमच्या दारात, आणि भर रस्त्यात महाराजांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. महाराज ओसरीवर उभे राहून ऐकत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. "काई नाई निंगालं? खरंच काई नाई?" शेवटी त्याच्या हातावर साखर ठेवली. तो बिचारा शिव्या देता देता साखर खाऊन गेला. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

पण तसे हसण्याचे दिवस थोडेच. व्हायचं असं की महाराज ज्यांना मुंबईला घेऊन जात त्यातले बहुतेक परत येत ते मरायलाच. कारण लोक त्यांना बोलावत अगदी शेवटी. आधी घरचं औषध, मग वैद्य, मग अंगारा, मग दात उपटणारा, गाठ गळ्याबाहेर आली, पाणी उतरेना झालं, की मग, "बोलवा त्या महाराजाले." महाराज बडनेऱ्याला गाडीत बसवून देत, सोबत जात, साळ्याच्या चाळीत जागा करून देत. आणि माणूस जायचा. मग आळी काय म्हणणार? महाराज ज्या उंबऱ्यावर उभे राहतात त्या घरी वर्ष पुरं होत नाही. बायका त्यांना येताना पाहून पोरांना आत ओढत. दाराला कडी लागल्याचा आवाज आळीभर पुढं पुढं सरकत जायचा, आणि त्याच्या मागून महाराज. मी तो आवाज कितीदा तरी ऐकला आहे. भीती वाटते म्हणून बोलवायचं नाही, बोलवायचं नाही म्हणून उशीर, उशीर म्हणून मरण, आणि मरण म्हणून भीती. या रहाटातून सुटायची वाटच नव्हती.

जे वाचले ते कुठं होते? होते ना. कॅम्पातले एक बडे वकील होते. त्यांच्या जिभेला फोड आला, तर पळी-बिळीची गरज पडली नाही. घरच्या डॉक्टरनं पाहिलं, व्याह्यांना दादरला तार केली, त्याच आठवड्यात वकीलसाहेब "हवापालटाला" गेले. रेडियमच्या सुया लावून घेऊन धडधाकट परत आले. गावात कुणाला पत्ता नाही. महाराजांना कळलं, कारण ते दवाखान्याच्या व्हरांड्यात समोरासमोर आले होते. महाराज सांगायचे, वकीलसाहेबांनी तिथं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते गाडीपर्यंत खाली केलं नाही.

त्याच सुमारास आमचं वऱ्हाड मुंबईच्या राज्यात गेलं, पुढं महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले. मी एक पेढा कुस्करून महाराजांना दिला. ते म्हणाले, "राज्य मुंबईचं झालं, चांगलं झालं. पन बडनेऱ्याहून मुंबई हाय तेवढीच लांब हाय ना बाई? का सरकली थोडी इकडे?"

आता गाठोड्यांचं सांगते.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला मुहूर्त लागतो. दवाखान्याला सुद्धा. आज अमावास्या, उद्या दिशाशूळ, पुढं पितृपक्ष. रोग वाढत राहतो आणि माणसं पंचांग पाहत राहतात. महाराज तर त्याच धंद्यातले. पंचांगात त्याला तोड आहे. चांगल्या वेळेला स्वतः निघता येत नसेल तर आपलं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं: एखादं वस्त्र, तांदूळ, सुपारी, आणि जिवाला आवडती एखादी वस्तू. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरतात, मग पुढे कुठल्याही दिवशी गाडीत बसायला मोकळा. महाराजांनी ही तोड काढली. "दिवस वाईट हाय? काई हरकत नाई. आता घटका चांगली हाय, आन गाठोडं माह्या घरी, उद्या गाडी पकडू." ओसरीच्या भिंतीत त्यांनी खुंट्या ठोकल्या. सुरुवातीला चाललं की हो! मूर्तिजापूरकडचा एक जण खरंच दुसऱ्या दिवशी निघाला आणि बरा होऊन आला. महाराज त्या दिवशी पोरासारखे खूष होते.

पण माणसाच्या मनाचं काय करणार? गाठोडं खुंटीवर गेलं की माणूस निर्धास्त होऊ लागला. "प्रस्थान ठेवलं ना, म्हंजे निंगालोच समजा." मग कापसाची वेचणी होऊ दे, संत्र्याचा बहार उतरू दे, सोयरे येऊन जाऊ दे. प्रस्थानालाही मुदत असते हो, महाराज कानीकपाळी ओरडत. लोक मुदत संपली की येऊन गाठोडं काढून पुन्हा चांगल्या घटकेला त्याच खुंटीवर अडकवत. आणि मग एक दिवस कुणी यायचंच नाही. मेलेल्याचं प्रस्थान परत न्यायला घरचे धजत नसत, आणि महाराजांना ते फेकवत नसे. शाळेत जाताना मला त्या खुंट्यांखालून जावं लागे. निळ्या लुगड्याचं गाठोडं, पांढऱ्या धोतराचं, लाल अलवानाचं. कुठल्या गाठोड्याचं माणूस अजून आहे आणि कुठल्याचं गेलं, हे मला माहीत असायचं. डोक्याला एखादं लागलं की मी दिवसभर अस्वस्थ असे.

गयाबाई माळीण आमच्या घरी रोज सकाळी फुलं घालायची. शहराबाहेर त्यांची वाडी होती. फुलं, वांगी, मेथी. नवरा मागेच गेलेला, एकुलती मुलगी शेवंता. आई-लेक दोघी देवीच्या देवळापुढे परडी घेऊन बसत. गयाबाईचं तोंड माझ्यापेक्षा फटकळ, त्यामुळे आमचं चांगलं जमे. आणि ती एकटीच बाई अशी होती की महाराजांना भीत नसे. त्यांनी आ कर म्हटलं की परडी खाली ठेवून खुशाल आ करायची. "पाहा, पाहा. बत्तीस असतीन तं मोजून सांगा."

एका हिवाळ्यातल्या सकाळी महाराजांनी असंच पाहिलं आणि पळी तशीच हातात राहिली. जिभेखाली पांढरा चट्टा, मध्ये लाल. मिसरी लावायची ती, उठल्यापासून झोपेपर्यंत.

"गयाबाई, किती दिवसाचा हाय?"

"दुखत नाई काई. आपोआप जाईन."

"आपोआप तं तू जाशीन," महाराज म्हणाले. "ऐक माय. आता गेलीस तं सुया लावून सोडतीन, जबडा रायते, जीभ रायते. माह्यावानी होनार नाई तू. उद्या चाल."

गयाबाईनं विचार केला. घाबरली होती, मी तिला ओळखत होते. पण शेवंताचं लग्न ठरलं होतं, वैशाखातली तिथी. "पोरीचं लगीन करून टाकू द्या महाराज. लगनाच्या आंदी मायले असं काई झालं म्हनून सोयऱ्यायले समजलं, तं सोयरीक मोडन. लगीन झालं का त्याच पावली येतो मी." आणि महाराजांचं मन राहावं म्हणून म्हणाली, "आजच प्रस्थान ठेवतो ना. मंग तं झालं?"

दुपारी गाठोडं आलं. एक लुगडं, मूठभर तांदूळ, सुपारी. महाराज म्हणाले, "जिवाचं काई ठेवलं का?" "ठेवलं तं!" म्हणाली. मी उघडून पाहिलं. मिसरीची डबी!

"अवं गये, हेच तं तुले खाऊन राहिलं," महाराज ओरडले.

"जिवाचं ठेवा म्हनलं ना तुमी? यापरीस जिवाचं माह्याजवळ काई नाई. पोरगी तं गाठोड्यात मावत नाई." आणि ती अशी खळखळून हसली की यमुनाकाकूही हसल्या. महाराज हसले नाहीत.

पुढं रोजचं ते झालं. सकाळी फुलं द्यायची, खुंटीवरचं गाठोडं काढायचं, डबी उघडून बोटावर मिसरी घ्यायची, दात घासत घासत माझ्याशी गप्पा मारायच्या आणि गाठोडं पुन्हा बांधून खुंटीवर. महाराजांनी डबी लपवली तर दुसरी घेऊन आली. हिवाळा सरला, होळी झाली. चट्ट्याची जखम झाली, जखमेला काठ आले. डबी उघडायची बंद झाली तेव्हा मला कळलं की आता तिला मिसरीही झोंबते आहे. गाठोडं मात्र जागेवर होतं.

महाराजांनी एकच गोष्ट आणखी केली. ते कॅम्पात वकीलसाहेबांकडे गेले. मला म्हणाले, सोबत चला, शिकलेल्या माणसाशी बोलाले शिकलेलं माणूस पायजे. गयाबाई त्या घरीही फुलं घालत असे. महाराजांनी हात जोडले. "साहेब, बाकी काई मांगत नाई. तिले फक्त एवढं सांगा, का मलेही झालं होतं, मी लवकर गेलो, मी चांगला हावो. माहं तोंड पाहून लोकायले मरन दिसते. तुमचं तोंड पाहून जगनं दिसन. तुमी एक वेळा बोलले तं वऱ्हाडातली अर्धी माणसं गाडीत बसतीन."

वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. पण आतल्या दाराकडे नजर टाकून ते हळू म्हणाले, "महाराज, माझ्या दोन्ही नाती लग्नाच्या आहेत." तेवढंच. मग चहा आला. महाराजांनी तो बशीत ओतून, दुपट्टा लावून, सावकाश सगळा प्यायला.

रस्त्यात मी संतापानं फणफणत होते. महाराज म्हणाले, "काहून चिडता? तेबी पोरींच्या लगनासाठी अन् हेबी पोरीच्याच लगनासाठी. फरक एवढाच का साहेब आंदी बरे झाले अन् मंग लपवून राहिले. गया आंदी लपवून राहिली." थोडं चालून म्हणाले, "रोग येतानी कोनाचं घर पायत नाई, बाई. जातानी पायते."

शेवंताचं लग्न वैशाखात झालं. महाराज मांडवात गेले नाहीत. अपशकुन नको म्हणून रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभे होते. मी आत होते. गयाबाई हिरवं लुगडं नेसून सगळ्यांना आग्रह करत फिरत होती, तोंडाला पदर लावून. पंगतीला बसली, पण घास उचलला नाही. मला म्हणाली, "खुशीनं पोट भरलं, बाई." तिच्या पदराला वास येत होता.  

मग ती खरंच निघाली, दिलेल्या शब्दाप्रमाणे. महाराज सोबत गेले. मोठ्या डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, थंडीत का नाही आणलंत? विजेचा शेक देऊन परत पाठवली. भर पावसाळ्यात, वाडीत झेंडू फुलायच्या आत, ती गेली. शेवटी चमच्यानंही पाणी जात नव्हतं. शेवंता मायच्या उशाशी बसून असे, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. महाराज बत्ता घेऊन खुंट्या उपटत होते. एकेक खुंटी हलवून, उखडून, अंगणात फेकत होते. गाठोडी जमिनीवर पडली होती. यमुनाकाकू दारात उभ्या. "राहू द्या हो आता," त्या म्हणत होत्या. महाराज माझ्याकडे वळले. तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं आणि टिपायचं भान नव्हतं.

"म्याच मारली तिले, बाई. गाठोडं ठेवाले जागाच नसती, तं लेकीचा हात धरून गेली असती. म्या तिले थांबाले खुंटी देली."

 तुम्ही नाही, लग्नानं मारली, लोकांनी मारली, मुंबई लांब होती म्हणून मेली, हे सगळं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. भिंतीतली भोकं त्यांनी स्वतः शेणमातीनं बुजवली. गाठोडी सायकलरिक्षात घालून नदीवर घेऊन गेले. त्यानंतर कुणी प्रस्थान ठेवायचं म्हटलं की ते खवळून उठत: "घरून गाडीत अन् गाडीतून दवाखान्यात. जमत असन तं बोल." फारच थोड्यांना जमलं. होता होता बोलावणी बंदच झाली.

अशी काही वर्षं गेली. महाराज म्हातारे झाले. मुंबईचा साळा सेवानिवृत्त होऊन कोकणात कुठंतरी मुलीकडे गेला, चाळीतली जागा गेली. ते ऐकलं त्या दिवशी महाराज यमुनाकाकूंना म्हणाले, "आता आपला मुंबईले कोनी नाई." मला तेव्हा ते नुसतंच बोलणं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात यमुनाकाकू माझ्याकडे आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. "दुपट्ट्याले रक्त लागून राहिलं," म्हणाल्या. "उजवीकडून." मी महाराजांना विचारलं तर म्हणाले, "दाताचं टोक घासते." अहो, उजवीकडचे दात तर कधीच पडून गेले होते, घासायला होतं काय? मी भांडले, रडले. शाळेची सुट्टी काढते म्हटलं. ते मान हलवत आणि कण्यांची पेज सुद्धा अर्धी टाकून देत. पावसाळा गेला. दसरा गेला.

ते मुंबईहून परत आले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तिथल्या डॉक्टरनं त्यांना ओळखलं आणि म्हणे विचारलं, "महाराज, तुम्ही सुद्धा इतक्या उशिरा?" यमुनाकाकूंनी मला हे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. पण मला आठवतं ते त्यांच्या निघण्याच्या दिवशीचं.

दिवाळीनंतरची सकाळ. मी वेणी घालत होते. महाराज माझ्या खोलीत आले. ते कधी येत नसत. हातात गाठोडं. माझी छत्री अडकवायची खुंटी होती, तिच्यावरची छत्री त्यांनी काढून कोपऱ्यात ठेवली आणि तिथं गाठोडं अडकवलं.

"बाई, प्रस्थान ठेवतो तुमच्याकडे. घटका चांगली हाय."

 सगळी गाठोडी डोळ्यांसमोर आली, निळं, पांढरं, लाल. "महाराज, तुम्ही? तुम्ही प्रस्थान ठेवता?"

"थंडी कमी झाली का जातो ना." माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. नेमकं लोकांसारखं. "तठी आता उतराले जागा नाई. साळा नाई. पाहू."

दारात शेवंता उभी होती. आईची परडी आता तीच आणायची. सासर बडनेऱ्याचं, पण देवळापुढची जागा तिनं सोडली नव्हती. फुलं द्यायला आली होती आणि सगळं ऐकत होती. ती आत आली. खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि झेंडूच्या परडीत ठेवलं.

"चाला," म्हणाली.

"अवं पोरी, कुठं?"

"गाडीवर."

"माहा साळा नाई आता मुंबईले."

"माह्या मायचा तरी भाऊ कुठं होता तठी?" शेवंता म्हणाली.  "तिनं माह्या लगनासाठी गाठोडं टांगलं. तुमी कोनाच्या लगनासाठी टांगून राहिले? धरमशाळेत राहू, फुटपाथावर राहू. म्या हावो, काकू हाय. चाला म्हनतो ना!"

महाराजांनी यमुनाकाकूंकडे पाहिलं. काकू आधीच पायात वहाणा घालत होत्या.

तशीच निघाली ती तिघं. रस्त्यानं पुढं शेवंता, डोक्यावर परडी, परडीत झेंडूची फुलं आणि त्यांच्यावर ते गाठोडं, मागे काकू, त्यांच्या मागे दुपट्टा तोंडाशी धरून महाराज. आळीतल्या एका दाराला सवयीनं कडी लागली. मग दुसऱ्या. मी टांग्यापर्यंत सोबत गेले, अर्धी वेणी तशीच लोंबत.

टांग्याच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता महाराज थांबले. परडीतलं गाठोडं घेतलं, गाठ सोडली. आत एक धोतर, तांदूळ, सुपारी, आणि जिवाची वस्तू म्हणून ठेवलेली ती पळी. ती घेऊन ते माझ्याकडे वळले.

"बाई, आता तरी."

भर रस्ता होता. दारांच्या फटींतून आळी पाहत होती, शाळेच्या दोन मुली चालल्या होत्या. मी उन्हाकडे तोंड केलं आणि आ केला. तांब्याची गार पळी जिभेला लागली. त्यांनी डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, जीभ उचलायला लावून खाली पाहिलं. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भीतीनं भरलेले होते, आणि ती भीती माझ्यासाठी होती.

"काई नाई," ते म्हणाले. "साफ हाय. सुपारी सोडा."

पळी दुपट्ट्याला पुसून माझ्या हातात दिली आणि टांग्यात चढून बसले.